चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासू नका

जंप स्टार्टने (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) गाडी सुरू झाली, पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा जात नाही. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला: इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे खपून जायचं. आजच्या गाडीत या तपासणीनेच नवा बिघाड होतो.

उतरलेली बॅटरी भरताना अल्टरनेटर जोरात करंट देत असतो आणि व्होल्टेजचे धक्के बॅटरीच पचवते. वायर सुटली की रेग्युलेटरने (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाने) आवर घालेपर्यंत, सेकंदापेक्षाही कमी वेळात, 14 व्होल्टचे कित्येक पट होतात. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) किंवा अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्यात जाऊ शकतात. बरं, गाडी बंद पडली नाही तरी काय कळलं? एखादा डायोड उडालेला असतानाही इंजिन चालू राहतं.

त्यापेक्षा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू असताना हेडलाइट, एसी लावून बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण 13.5 ते 14.7 दिसायला हवेत. (काही नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, लोड दिल्यावर ते चढतं.) 12.5च्या खाली जाऊन घसरतच राहिलं, तर चार्जिंग होत नाही.

तरीही लगेच अल्टरनेटर बदलू नका. जंपर केबल क्षणभर जरी उलट्या लागल्या असतील, तर बॅटरीजवळचा मोठा मेन फ्यूज आधी पाहा. टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंग पट्टीही घट्ट आहे ना, तपासा.