अली की टायसन? पारावरचा वाद आणि गणिताची हार

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कुस्त्यांचा फड लागतो. दादर ज्वारी काढून मोकळं झालेलं वावर, भोवती पाच-सहा गावची माणसं आणि डोक्यावर चव्वेचाळीसचं ऊन. यंदा फड आटोपून पारावर टेकलो, तर पुतण्याने मोबाइल नाकासमोर धरला. त्यात मोहम्मद अली आणि माइक टायसन हे वेगवेगळ्या पिढ्यांतले मुष्टियुद्धाचे जगज्जेते एकाच रिंगणात एकमेकांना ठोसे हाणत होते, दोघंही ऐन पंचविशीतले! खाली ‘एआयचा निकाल’ म्हणून टायसनच्या विजयाची टक्केवारी छापलेली, तीही दशांश चिन्हासकट.

“काका, हाई खरं शे का?”

व्हिडिओ बनावट आहे हे त्यालाही कळत होतं. तो विचारत होता टक्केवारीबद्दल. तीस वर्षं गणित शिकवून मुरलेल्या माणसाला टक्केवारीबद्दल विचारलं की तो लवकर उठत नाही.

हा खेळ काही आजचा नाही. १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन रेडिओ निर्मात्याने सगळ्या काळांतले १६ हेवीवेट (सगळ्यांत वजनदार गटातले) मुष्टियोद्धे एनसीआर-३१५ या कॉम्प्युटरवर लढवले आणि निकाल रेडिओवर लढतीच्या धावत्या वर्णनासारखे ऐकवले. त्यात अलीला जुन्या जमान्यातल्या जेम्स जेफ्रीजने हरवलं. अली चिडला, त्याने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. तडजोड म्हणून तो रॉकी मार्सियानोबरोबर एका ‘लढती’च्या चित्रीकरणाला तयार झाला. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेला, चित्रीकरणाच्या वेळी वय ४५. अनेक वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलेल्या निकालात मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवतो. तो बघायला मार्सियानो मात्र नव्हता. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

आता असा निकाल काढतात कसा? सगळ्यांत सोपी आणि मला विलक्षण आवडणारी रीत बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची गुणपद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक आकडा. दोघांचे आकडे सारखे असतील तर निम्मी-निम्मी शक्यता. १०० गुणांचा फरक असेल तर वरचढाला ६४ टक्के, २०० ला ७६, ४०० ला ९१. लढत झाली की आकडे बदलतात, पण किती बदलायचे ते आश्चर्यावर ठरतं. समजा, एका लढतीवर ३२ गुण पणाला आहेत आणि १६०० चा पहिलवान १४०० च्या पहिलवानाशी लढला. जिंकला तर त्याला जेमतेम ८ गुण, कारण ते अपेक्षितच होतं. हरला तर २४ गुण गेले. आमच्या फडावरचा वस्ताद दोन पोरांची मनगटं धरून त्यांना उभं करतो, मान बघतो, फुटलेले कान बघतो, “कोठला रे तू?” विचारतो आणि जोड लावतो. एलोंचं सूत्र हेच करतं, फक्त कान न बघता.

यात एक मेख आहे. जगातल्या सगळ्यांचे आकडे उद्या ५०० नी वाढवले तरी काहीच बदलत नाही, कारण अर्थ फक्त फरकाला आहे. दोन माणसं कधीच लढली नसतील तर त्यांच्यातला फरक मधल्या माणसांच्या साखळीतून काढावा लागतो. आणि हेवीवेटमध्ये अशी साखळी खरोखर आहे. १९५५ मध्ये मार्सियानोने आर्ची मूरला हरवलं. १९६२ मध्ये त्याच मूरला तरुण कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा अली, चौथ्या फेरीत भारी पडला. १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला हरवलं आणि १९८८ मध्ये टायसनने होम्सला. मार्सियानोपासून टायसनपर्यंत अवघ्या चार लढती!

पण या पुलाचे खांब बघा. क्लेसमोरचा मूर चाळिशी केव्हाच ओलांडलेला. होम्ससमोरचा अली ३८ वर्षांचा. टायसनसमोरचा होम्सही ३८ चा. प्रत्येक सांध्यावर उतरता म्हातारा आणि चढता तरुण. साखळी आंधळेपणाने जोडली तर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या डोक्यावर चढत जाते.

मग वयाची वजावट करा, असं कुणीही म्हणेल. इथेच खरी गंमत आहे. यंदाच्या फडात पारोळ्याकडचा एक ४१ वर्षांचा पहिलवान हट्टाने शिरपूरकडच्या २२ वर्षांच्या पोराशी लढला. सहा-सात मिनिटं टिकला, मग पोराने ढाक डाव मारून चीत केला. पारावर लगेच दोन पक्ष. एक म्हणे, वय झालं. दुसरा म्हणे, वयाचं काय घेऊन बसलात, आजची पोरं मॅटवर घाम गाळतात, त्यांची पिढीच भारी. पुरावा दोघांचा एकच, तीच कुस्ती.

कुठल्याही लढतीत दोघांच्या वयातला फरक आणि जन्मसालांतला फरक एकच असतो. अली जानेवारी १९४२ चा, होम्स नोव्हेंबर १९४९ चा, म्हणजे अंतर सुमारे ८ वर्षं. आता दोन मतं घ्या. पहिलं : पिढ्या सारख्याच, वयाने मात्र दर वर्षी १० गुण जातात. दुसरं : वयाने काही होत नाही, पण उशिरा जन्मलेला दर वर्षामागे १० गुणांनी सरस असतो. अली-होम्स लढतीसाठी दोन्ही मतं होम्सला ८० गुण जास्त देतात. आजवर झालेल्या प्रत्येक लढतीबाबत त्यांचं उत्तर तंतोतंत सारखं येईल. आता अली आणि टायसन दोघांनाही चोविशीत आणून उभं करा, कसब मुळात सारखं धरा. टायसनचा जन्म १९६६ चा, अंतर २४ वर्षं. पहिलं मत सांगेल निम्मी-निम्मी शक्यता. दुसरं टायसनला २४० गुण जास्त देईल, म्हणजे विजयाची शक्यता ८० टक्के! झालेल्या लढतींचा डोंगर रचला तरी या दोघांत निवड करता येत नाही. तरुणपणीची चढण आणि पुढची घसरण यांचा बाक लढतींतून सापडतो, पण त्या वक्राचा एकूण कल पिढ्यांच्या कलात असा मिसळलेला असतो की वजाबाकीत फक्त दोन्हींचा फरक उरतो, वेगळे आकडे मिळत नाहीत. (हे वाक्य मी वर्गातही दोनदा सांगतो.)

धावण्यात हा घोळ नाही, तिथे घड्याळ आहे. १९३६ मध्ये जेसी ओवेन्सने १०० मीटर १०.३ सेकंदांत जिंकली, २००९ मध्ये उसेन बोल्टने ९.५८ त. मुष्टियुद्धात समोरचा माणूस हेच घड्याळ आणि तोही प्रत्येक पिढीत बदलतो. वजन मोजता येतं, हे खरं. मार्सियानो सुमारे ८५ किलोचा होता, आज हेवीवेट गट ९०.७ किलोच्या वर सुरू होतो. पण २०२४ मध्ये अंगापिंडाने लहान असलेल्या उसिकने सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीला (हा आपला माइक टायसन नव्हे) हरवलंच की. शिवाय लढवायचं कुठल्या नियमांनी, जुन्या १५ फेऱ्यांच्या की आजच्या १२ च्या? आणि फ्रेझरने अलीला, फोरमनने फ्रेझरला, अलीने फोरमनला हरवलं तो १९७१ ते १९७४ चा गोल तर एका रांगेतल्या आकड्यांत बसतच नाही.

कुस्तीला उतरण्याआधी भगताकडून ताईत बांधून घेणारे पहिलवान आमच्याकडे अजून आहेत. जिंकला तर ताईताने, हरला तर श्रद्धा कमी पडली. कधीच न होणाऱ्या लढतीचा दशांशापर्यंत निकाल सांगणारं मशीन त्याच जातकुळीचं. त्याला हरण्याची भीतीच नाही.

हे सगळं मी काडीने पाराखालच्या धुळीत लिहून दाखवलं. पुतण्या म्हणाला, “इतलं गणित करीसन बी उत्तर नहीच?”

पारोळ्याचा तो पहिलवान मागेच चहा पीत बसला होता, गुडघ्याला अजून माती. त्याने सगळं ऐकलं होतं. आपण बावीसचे असताना हा पोरगा आपल्यापुढे दोन मिनिटंही टिकला नसता, असं तो शांतपणे म्हणाला. पोराचा वस्ताद शेजारीच होता. तो नुसता हसला आणि त्याने आणखी दोन चहा सांगितले.