पाचटाचं इथेनॉल परवडत का नाही?

ऊसतोडणी उरकली की दौंड-इंदापूरकडच्या फडांत पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटतं आणि काळी राख उडत रस्त्यापर्यंत येते. जळतंय ते इंधनच, मग त्याचं इथेनॉल का होत नाही, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. त्याचं उत्तर प्रयोगशाळेपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं.

रसायन जुनंच आहे: पाल्यातून साखर काढायची आणि ती आंबवून इथेनॉल करायचं. १८१९ मध्ये फ्रान्सच्या ब्राकोनो यांनी चिंध्या आणि भुशावर गंधकाम्ल वापरून साखर काढून दाखवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड बुरशीनं खाल्लं आणि त्याच बुरशीतून सेल्युलोज, म्हणजे पाचट-पेंढ्यातला मुख्य तंतू, तोडून साखर करणारी एन्झाइमं मिळाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर या कामाला जोर आला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सेल्युलोज तोडणाऱ्या बुरशांवर संशोधन झालं.

तरीही बाजी मारली ती साखर कारखान्यातल्या मळीनं. तिच्यात साखर आयतीच असते, यीस्ट घातलं की काम सुरू. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलच्या मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले त्यांत आपले मिरज आणि मनमाड होते. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं, पण २०१३-१४ पर्यंत देशाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळलं. मग केंद्रानं इथेनॉल खरेदीचा दर ठरवून द्यायला सुरुवात केली, २०१८ मध्ये त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. माझ्या मते ही किमया हमीच्या दराची. यंत्रं आणि यीस्ट आधीही होतीच.

पाचट-पेंढ्याचा हिशेब मात्र वेगळा पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं, याचा पुणेकर म्हणून मला अभिमान आहे. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर, अशी आखणी. भांडवल बिनव्याजी आणि २० वर्षांत फेडायचं धरलं, तरी लिटरमागे १५ रुपये त्यातच जातात. एन्झाइमं, वाफ आणि पेंढ्याची किंमत त्यावर.

शिवाय हा माल फार हलका. ट्रॉली गच्च भरते, पण काट्यावर वजन थोडं भरतं. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, साखर कारखान्याच्या दारातच असतो, त्याला वाहतूक नाही. पण तो बॉयलरला लागतो, त्यातून वीज विकली जाते. पाचटालाही दुसरं गिऱ्हाईक आहे, खुद्द शेतकरी. कुट्टी करून सरीत पसरलं की ओल टिकते, तण कमी येतं, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. त्याच्याकडून ते घ्यायचं, तर गाठी बांधायचं आणि वाहतुकीचं भाडं सोडून या फायद्याचेही पैसे मोजावे लागतील.