कैलास आणि आदि कैलास: नाव एक, डोंगर दोन

‘कैलासला जाऊन आलो’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, पासपोर्ट लागला का? लागला असेल तर तिबेटातला ६,६३८ मीटर उंचीचा कैलास. नसेल तर बहुधा आदि कैलास, उत्तराखंडच्या पिथोरागड जिल्ह्यातला. ‘आदि’ शब्दामुळे हाच मूळ कैलास असं अनेकांना वाटतं. तिकडे त्याला छोटा कैलासही म्हणतात, आणि तेच नाव जास्त प्रामाणिक आहे.

घोटाळा होतो तो गुंजी या गावामुळे. पिथोरागड जिल्ह्यातल्याच धारचुला गावाहून गुंजीपर्यंत दोन्हीकडची वाट एकच. तिथून एक फाटा कुटी गावावरून जोलिंगकाँग या मुक्कामाला जातो. समोर आदि कैलास, थोडं चाललं की पार्वती सरोवर. दुसरा फाटा कालापानी, नाभीढांग करत लिपुलेख खिंडीकडे, म्हणजे तिबेटच्या वाटेला. नाभीढांगवरून दिसतो तो ओम पर्वत. तो तिसराच डोंगर, पण फोटोखाली सर्रास ‘आदि कैलास’ लिहिलेलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: तिबेटातल्या कैलासला पासपोर्ट, चीनचा व्हिसा आणि सरकारी यात्रेसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडून निवड (२०२० पासून बंद पडलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली). आदि कैलासला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा सरकारी परवाना.

‘मग आदि कैलास सोपा’ हे मात्र मला पटत नाही. कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, त्यात ५,६०० मीटरच्या वरची डोल्मा खिंड. दमछाक होणार हे सगळे धरूनच चालतात, म्हणून तयारीही करतात. आदि कैलासला जीप जवळजवळ पायथ्याशी नेते, आणि तिथेच गफलत होते. धारचुला हजार मीटरच्या आसपास, गुंजी तीन हजारांच्या वर, जोलिंगकाँग साडेचार हजारांच्या घरात. पाय दुखत नाहीत म्हणून आपण चढलो हे लक्षातच येत नाही. पिशवीतलं वेफर्सचं पाकीट मात्र फुगून टम्म झालेलं असतं. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला काही रात्री लागतात, इंजिनाची ताकद तिथे कामाची नाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून गुंजीत एक रात्र जास्त काढा. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर दर्शन राहिलं तरी चालेल, त्याच जीपने लगेच खाली उतरा.