वुडन यांचं १९३२ आणि स्मिथ यांचं १९५२

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्यावर लेख आला की त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘खेळाडू म्हणूनही एनसीएए विजेते, प्रशिक्षक म्हणूनही.’ (एनसीएए म्हणजे इथे अमेरिकी विद्यापीठांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा.) हे वाक्य दुसरे नामवंत प्रशिक्षक डीन स्मिथ यांना लागू पडतं. वुडन यांच्या नावावर ते खपवणं आता थांबायला हवं.

यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे प्रशिक्षक वुडन सगळ्यांना माहीत आहेत: २७ हंगाम, १९६४ ते १९७५ या काळात १० विजेतेपदं. घोटाळा होतो तो परड्यू विद्यापीठाकडून खेळताना मिळालेल्या १९३२च्या विजेतेपदाचा.

एनसीएए स्पर्धा सुरूच झाली १९३९ मध्ये. पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि ओरेगन जिंकलं. १९३२ मध्ये परड्यूने १८ पैकी १७ सामने जिंकले, बिग टेन ही आपल्या भागातल्या विद्यापीठांची साखळी स्पर्धा जिंकली आणि हंगाम तिथेच संपला. देशाचा विजेता ठरवणारा अंतिम सामना नव्हताच. ‘राष्ट्रीय विजेते’ हा मान त्यांना दिला हेल्म्स फाउंडेशनने, आणि ही संस्था स्थापन झाली १९३६ मध्ये! म्हणजे जुने निकाल पुढ्यात घेऊन मागाहून केलेली निवड. ती चुकीची होती असं मी म्हणत नाही. परड्यू त्या मानाला लायकच होतं. पण तो कोर्टवर जिंकलेला करंडक नव्हे. परड्यू एनसीएएच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा पोचलं ते १९६९ मध्ये, आणि तिथे त्यांना हरवलं वुडन यांच्याच यूसीएलएने.

स्मिथ यांच्या कॅन्ससने मात्र १९५२ मध्ये बाद फेऱ्या पार करत सिएटलमध्ये सेंट जॉन्सला हरवलं. स्मिथ त्या संघात राखीव गार्ड होते. पुढे नॉर्थ कॅरोलायनाला त्यांनी १९८२ आणि १९९३ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. बॉब नाइट यांचंही तसंच: ओहायो स्टेटचे खेळाडू म्हणून १९६०, मग इंडियानाचे प्रशिक्षक म्हणून तीनदा.



मला खरा राग येतो तो याचा, की या चुकीच्या वाक्यापायी वुडन यांचं खेळाडू म्हणून असलेलं खरं मोठेपण झाकलं जातं. ते तीनदा ऑल-अमेरिकन होते, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवडले गेले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९६० साली खेळाडू म्हणून गेले आणि १९७३ साली प्रशिक्षक म्हणून; दोन्ही नात्यांनी तिथे पोचलेले ते पहिलेच. स्मिथ १९८३ मध्ये गेले, ते प्रशिक्षक म्हणूनच. तेव्हा १९३२चा उल्लेख करायचाच असेल तर ‘हेल्म्स विजेतेपद’ असं लिहा, आणि दहात एक मिळवून अकरा करू नका.