आयएफएससी कोड : एनईएफटी-आरटीजीएस करताना काय लिहायचे आणि कुठे चुकते

एनईएफटी आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धती. त्यांनी पैसे पाठवताना खाते क्रमांकाबरोबर समोरच्या शाखेचा आयएफएससी कोड लागतो. तो ११ अक्षरी असतो. पहिली चार अक्षरे बँकेची (बँक ऑफ महाराष्ट्रची एमएएचबी, स्टेट बँकेची एसबीआयएन), पाचव्या जागी कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. हाताने स्लिप भरताना त्या शून्याचा इंग्रजी 'ओ' होतो, ही नेहमीची चूक.

चेकच्या तळाशी असलेला नऊ अंकी एमआयसीआर वेगळा. त्यात पहिले तीन अंक शहराचे (मुंबई ४००, पुणे ४११), मधले बँकेचे, शेवटचे शाखेचे. तो चेक वटवण्याच्या यंत्रासाठी असतो. एनईएफटीच्या रकान्यात तो चालत नाही.

आयएफएससी कोड चेकवर आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो. पण पासबुक जुने असेल तर जपून. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात आणि सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली. सिंडिकेटचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत. लहान सहकारी बँकांचे कोड काही वेळा त्यांच्या प्रायोजक बँकेच्या (ज्या मोठ्या बँकेमार्फत त्या हे व्यवहार करतात तिच्या) अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे ॲपमध्ये भलत्याच बँकेचे नाव दिसले म्हणून कोड चुकला असे नाही. खाते क्रमांक पूर्ण किती अंकी लिहायचा, हे मात्र अशा बँकेत विचारूनच घ्यावे.

आरटीजीएस किमान २ लाखांसाठी. एनईएफटीला किमान रक्कम नाही आणि ती दर अर्ध्या तासाच्या बॅचने जाते. दोन्ही सेवा सुट्टीच्या दिवशीही चालू असतात. आयएमपीएस ही तिसरी पद्धत ५ लाखांपर्यंत, लगेच. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला शुल्क नाही. शाखेत जाऊन करायचे तर भरलेला फॉर्म आणि सही केलेला चेक न्यावा. खाते नसलेल्यालाही रोख भरून ५०,००० रुपयांपर्यंत एनईएफटी करता येते, मात्र पूर्ण पत्ता व फोन नंबर द्यावा लागतो.

खरा धोका कोडचा नाही, खाते क्रमांकाचा आहे. पैसे जमा होतात ते खाते क्रमांक पाहून. नाव जुळलेच पाहिजे असे नाही. एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कुणाचे निघाले, तर रक्कम त्याच्याकडे जाते आणि त्याच्या संमतीशिवाय परत मिळवणे कठीण होते. म्हणून लाभार्थी जोडताना ॲप दाखवते ते खातेदाराचे नाव वाचावे (ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते), आणि मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया पाठवून पाहावा.

लिहिलेल्या क्रमांकाचे खातेच नसेल तर एनईएफटीची रक्कम बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत परत यायला हवी. उशीर झाला तर बँकेला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अधिक दोन टक्के व्याज द्यावे लागते. तक्रार आपल्या बँकेकडे, यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख) क्रमांक देऊन, लेखी करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे मात्र आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. तिथे हप्ता अडला तर कोड तपासत बसू नका. आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते आधी पाहा.