कारवीचे पराग, खपलीची गुणसूत्रं

टोपली कारवीचं शास्त्रीय नाव विचारलं तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर दोन उत्तरं मिळतात. जुनी पुस्तकं हाताळलेला माणूस ‘प्लिओकॉलस रिची’ म्हणतो, नव्या नोंदी वाचणारा ‘स्ट्रोबिलँथस सेसिलिस’. महाबळेश्वरच्या उतारांवरच्या थोरल्या कारवीचंही तेच: ‘कार्व्हिया कॅलोसा’ की ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’? मधपाळांच्या लाडक्या व्हायटी या झुडपाला तर ‘थेलेपीपाली’ असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव होतं. तीही आता स्ट्रोबिलँथसमध्येच आहे. यात कुणी अडाणी नाही. झाड तेच, फूल तेच. बदललं ते एवढंच, की परागकणाला किती महत्त्व द्यायचं.

स्ट्रोबिलँथस ही आशियाभर पसरलेली, चारशेहून जास्त जातींची अवाढव्य प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट. ब्रेमेकॅम्प या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४४ साली ती हाती घेतली आणि तिचे तुकडे करून पन्नासाहून अधिक प्रजाती केल्या. कार्व्हिया, प्लिओकॉलस, थेलेपीपाली ही सगळी त्याच वाटणीतली नावं. वाटणीचा मोठा आधार होता पराग. या कुळाचे पराग आहेतच तसे मोह पाडणारे: काही जातींत गोल आणि अंगभर काटे, काहींत लांबट आणि उभ्या धारांचे. बाहेरून भावंडं वाटावीत अशा झुडपांचे पराग एकमेकांशेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, ही एका घरची नव्हेत.

पण अर्ध्या शतकानंतर फुलांची बारीक रचना आणि डीएनए एकत्र ठेवून पाहिलं, तेव्हा त्या वाटणीतले बरेच गट टिकले नाहीत. एकसारखा पराग वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेला दिसला, आणि सख्ख्या जातींत निराळा. म्हणून बहुतेक तुकडे पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये आले. त्यांना एकत्र बांधणारी खूण परागाच्या मानाने फारच साधी आहे. गळून पडलेलं कारवीचं फूल घ्या (पठारावरचं तोडू नका), त्याची नळी उभी चिरा आणि साध्या भिंगाखाली धरा. आत केसांच्या दोन रांगा दिसतात आणि कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, त्या केसांनी धरून ठेवलेला असतो. इतका देखणा पराग सोडून शास्त्रज्ञांनी केसांवर विश्वास ठेवला, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मजेदार वाटतं.

म्हणजे पराग बिनकामाचा? मुळीच नाही. त्याच्या भिंतीतलं स्पोरोपोलेनिन हे द्रव्य इतकं चिवट असतं, की ॲसेटिक ॲनहायड्राइडचे नऊ भाग आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा एक भाग अशा मिश्रणात पराग तापवले तरी आतलं सगळं जळून जातं आणि नक्षीदार कवच तेवढं शाबूत राहतं. स्वीडनच्या एर्टमन यांनी रूढ केलेली ही रीत आजही प्रयोगशाळांत चालते. मधात उतरलेले परागही असेच टिकतात, म्हणून महाबळेश्वरच्या मधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात जांभूळ किती, गेळा किती, कारवी आहे की नाही, हे सांगता येतं.

परागाची खरी ताकद दिसते ती मात्र फार जुन्या फाटाफुटींत. शाळेत आपण सपुष्प वनस्पतींचे दोन ढीग शिकलो: एकदलिकित आणि द्विदलिकित, म्हणजे एका दलाच्या आणि दोन दलांच्या बियांचे. त्यातला दुसरा ढीग आता जसाच्या तसा उरलेला नाही, आणि त्याचा निकाल लावणाऱ्या खुणांत परागावरच्या फटी अग्रभागी होत्या. पराग रुजतो तेव्हा त्याची नळी या फटीतून बाहेर पडते. एकदल वनस्पतींत मूळची फट एकच. द्विदलांतल्या प्रचंड बहुसंख्यांत मूळ मांडणी तीन फटींची. पण सोनचाफ्याचं पान जाळीदार, बी दोन दलांचं, आणि परागाला फट एकच! सोनचाफा आणि त्याचं नातलग सीताफळ हे त्या तीन फटींच्या मोठ्या गटात बसत नाहीत. त्यांची शाखा त्याआधीच वेगळी झालेली आहे. डीएनएनेही पुढे तेच सांगितलं.

याचं कासवरचं उदाहरण द्यायचं तर कुमुदिनी तळ्याचं द्यावं लागेल. पाण्यावर तरंगणारी गोल पानं, मध्ये पिवळसर झाक असलेली पांढरी झालरीची फुलं. बघणारा सहज म्हणतो, छोटं कमळच की! प्रत्यक्षात कमळ, पाणलिली आणि ही कुमुदिनी, म्हणजे निंफॉइडिस, यांचा एकमेकांशी जवळचा काहीही संबंध नाही. पाणलिली ही सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीच्या शाखांपैकी एक. कमळ दिसायला तिच्यासारखं, म्हणून ते कितीतरी काळ तिच्याच कुळात होतं; पण त्याच्या परागाला तीन फटी. आज कमळाचे नातलग म्हणून युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांकडेचे प्लेन वृक्ष दाखवले जातात, पाणलिली नव्हे. आणि कासची कुमुदिनी सूर्यफुलाच्या गणातली. गुणसूत्रंही तेच बोलतात: कमळात १६, पाणलिलीत १४च्या पटीत, कुमुदिनीत ९च्या पटीत.

पानांत पाहण्यासारखं खूप आहे, पण थोडक्यात सांगतो. पानाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या, वाळू द्या, सेलोटेपने अलगद उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. पर्णरंध्रांचा हुबेहूब ठसा मिळतो. गवतांत, म्हणजे ज्वारी-उसातही, रंध्राच्या दोन्ही पेशी डंबेलच्या आकाराच्या. अडुळसा आणि कारवीच्या कुळात रंध्राला दोन साहाय्यक पेशी, त्याही आडव्या धरलेल्या. याच कुळातल्या बऱ्याच झाडांच्या वाळलेल्या पानांवर भिंगातून बारीक रेघा दिसतात. ते पेशींत साठलेलं कॅल्शियम कार्बोनेट असतं. फुलाशिवाय हाती आलेली फांदी कोणत्या कुळातली, हे ठरवायला अशा खुणा सोन्यासारख्या. जात ठरवायला मात्र त्या सहसा पुऱ्या पडत नाहीत.

आता गुणसूत्रं. ती मोजायची तर पेशी विभाजन पावताना सापडली पाहिजे, म्हणून मुळाचं टोक. भिजवलेल्या गव्हाला सेंटिमीटरभर मुळं फुटली की टोकं कापायची आणि काही तास पॅराडायक्लोरोबेंझिनच्या पाण्यात ठेवायची. हे द्रव्य कपाटातल्या काही डांबरगोळ्यांतही असतं. त्यामुळे विभाजन मध्येच अडतं आणि गुणसूत्रं आखडून सुटी होतात. मग तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल यात रात्रभर. दुसऱ्या दिवशी कोमट आम्लात मऊ करून ॲसिटोकार्माइनचा रंग, वर काच, त्यावर टिपकागद आणि मग अंगठ्याचा सरळ खाली दाब. काच केसभर सरकली तरी सगळं मुसळ केरात. दाबताना एखादं गुणसूत्र पेशीबाहेर निसटतं, एखादं दुसऱ्यावर चढतं. म्हणून एका पेशीवर कधी भिस्त ठेवायची नाही, बऱ्याच पेशी मोजायच्या.

अशा मोजणीने गव्हाचा गुंता सोडवला. १९१८ साली जपानच्या साकामुरा यांनी दाखवलं, की गव्हांचे गट १४, २८ आणि ४२ गुणसूत्रांचे आहेत, सगळे सातच्या पटीत. सांगली-साताऱ्याचा खपली गहू २८चा. आपला रोजचा चपातीचा गहू ४२चा. वरची १४ आली कुठून? साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या आसपास, २८च्या लागवडीच्या गव्हाचा संकर एका रानगवताशी झाला, त्या गवताची. आणि बन्सी गहू? मळणीत दाणा सहज सुटतो म्हणून तो चपातीच्या गव्हासोबत मोजावासा वाटतो, तर खपलीचं टरफल कांडल्याशिवाय निघत नाही. गुणसूत्रांच्या हिशेबात मात्र बन्सीही २८च, म्हणजे तो खपलीचाच भाऊ. जाता जाता, खपलीला बाहेर मोठा मान आहे. गव्हावरच्या काळा तांबेरा या रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत जो बारा गव्हांचा संच ठरवला गेला, त्यात ‘खपली’ हे आपलं नाव जसंच्या तसं आहे.

हळदीचा आकडा याहून चमत्कारिक आहे. सांगलीच्या बाजारात येणाऱ्या हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रं. सह्याद्रीतल्या रानहळदीत ४२. मूळ संच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गुणसूत्रांचा एक पुरा गट, २१चा धरला तर हळद तिप्पट. भारतीय हळदवर्गाच्या २००७ सालच्या मोठ्या अभ्यासात मूळ संच ७चा निघाला, म्हणजे रानहळद सहापट आणि हळद नऊपट. कसंही धरा, हळदीच्या वाट्याला विषम आकडाच येतो. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि विषम संचांत त्या नीट लागत नाहीत. म्हणून रानहळद बी धरते, आणि शेतातल्या हळदीला सुंदर फुलोरा येऊनही बी धरणं अपवादानेच. शेतकऱ्याला बेणं म्हणून गड्डा नाहीतर हळकुंडच लावावं लागतं. हळदीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या कंदांवर चालत आली, त्याचं मूळ या ६३ मध्ये आहे.

इथे कुणाला वाटेल, मग मोजा आणि नाव द्या. तसं होत नाही. कंदीलपुष्पांच्या इतक्या वेगवेगळ्या जाती सह्याद्रीत आहेत, पण जवळजवळ सगळ्यांत २२. मोजणी तिथे मुकी. गुणसूत्रांचे आकार आणि त्यांवरच्या खाचा कुठे आहेत ते पाहावं लागतं. उलट रानकांद्यात एकाच जातीच्या झाडांत २०, ३० आणि ४० असे आकडे मिळतात. त्यांच्या तीन जाती कराव्यात का? माझ्या मते नाही, निदान नुसत्या आकड्यावरून तरी नाही. बाहेरून वेगळं ओळखता येत नाही अशा झाडाला नवं नाव देऊन रानात फिरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मात्र संच वाढले की पेशी सहसा मोठ्या होतात. पर्णरंध्रं आणि परागही मोठे होतात. त्यामुळे नेलपॉलिशच्या ठशावर रंध्रांची लांबी मोजली तरी कोणतं झाड मोजणीला घ्यावं, याचा अंदाज बांधता येतो.

खपलीला हल्ली शहरांत चांगला भाव आहे आणि पीठ पुडीत विकलं जातं. दाणा असेल तर तो रुजवून २८ मोजता येतात. पिठात जिवंत पेशीच नाही, तिथे सूक्ष्मदर्शक हात टेकतो. पण ४२मधली ती वरची १४ रानगवताची, आणि खपलीत ती अजिबात नाहीत. म्हणून पिठातून डीएनए काढून फक्त त्या १४वर असलेला तुकडा शोधायचा. सापडला, तर पिठात साधा गहू मिसळलेला आहे. इटलीत पास्त्याच्या बाबतीत हीच चाचणी वापरतात, कारण तिथल्या कायद्याने २८च्या ड्युरम गव्हाच्या पास्त्यात साधा गहू तीन टक्क्यांपुढे चालत नाही.