नॉइज प्रीअँपचा की खोलीचा? इंटरफेस बदलण्याआधी एवढं बघा

"रेकॉर्डिंगमागे सतत सूं आवाज येतोय. कोणता ऑडिओ इंटरफेस घेऊ?" हा प्रश्न कुणी टाकला की लगेच दहा जण आपापलं आवडतं मॉडेल सुचवून मोकळे होतात. तो आवाज येतोय कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. मग नवा डबा येतो, जोडला जातो, आणि आठवड्याने तोच माणूस "यातही आहे हो!" म्हणत परत येतो.

इंटरफेस काय करतो ते तुम्हाला माहीत आहे: प्रीअँप माइकचा सिग्नल वाढवतो, कन्व्हर्टर त्याचे आकडे करतो, यूएसबीतून ते कॉम्प्युटरकडे जातात. यातला कन्व्हर्टर आज स्वस्तातल्या इंटरफेसमध्येही पुरून उरेल इतका चांगला असतो, त्यामुळे त्याला इथे रजा.

गोंधळ आहे तो प्रीअँपचा नॉइज आणि खोलीचा नॉइज यांत. प्रीअँपचा नॉइज सर्किटातच तयार होतो. तो एकसारखा, कोरडा 'स्स्स' असतो आणि माइक कुठेही वळवला तरी बदलत नाही. खोलीचा नॉइज म्हणजे माइकने इमानदारीने ऐकलेला खरा आवाज: पंखा, लॅपटॉपचा फॅन, शेजारच्या खोलीतला फ्रिज, खिडकीबाहेरची रहदारी. ऐकायला हे दोन इतके वेगळे, तरी लोक फसतात, कारण गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवला की दोन्ही एकत्र वाढतात. "नॉब तीनच्या काट्यापुढे नेला की नॉइज येतो, म्हणजे प्रीअँप भिकार" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. गेन आत येणारं सगळंच वाढवतो. पंख्याला त्यातून सूट नाही.

आता आकडे बघू. प्रीअँपच्या नॉइजचा आकडा ईआयएन (इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज) नावाने स्पेसिफिकेशनमध्ये दिलेला असतो, डीबीयू या व्होल्टेजच्या मापात; जितका जास्त उणे तितका नॉइज कमी. आजच्या साध्या इंटरफेसमध्येही तो −१२८ डीबीयूच्या आसपास असतो. १५० ओहमच्या नुसत्या रेझिस्टरचा उष्णतेमुळे होणारा नॉइजच सुमारे −१३१ डीबीयू भरतो, आणि त्याच्या खाली कोणताही प्रीअँप जाऊ शकत नाही, मग तो कितीही महाग असो. काही कंपन्या ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी मोजण्याची पद्धत) लावून आकडा छापतात, तो साधारण २ डेसिबलने गोंडस दिसतो. तेवढं धरूनही साध्या आणि सर्वोत्तम प्रीअँपमध्ये ३ ते ५ डेसिबलचा फरक उरतो. एवढ्यासाठीच सगळी खरेदी चाललेली असते.

आता सगळ्यात अवघड गिऱ्हाईक घेऊ: शुअरचा एसएम७बी. हा डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, कमी सिग्नल देणारा) माइक ९४ डेसिबल आवाजाला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. −१२८ डीबीयू म्हणजे सुमारे ०.३१ मायक्रोव्होल्ट. दोन्हींत साधारण ७१ डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे प्रीअँपचा नॉइज हा माइकसमोरच्या २३ डेसिबल आवाजाइतका झाला. रात्री शांत वाटणारी झोपायची खोली ३० डेसिबलच्या घरात असते. डेसिबल साध्या आकड्यांसारखे मिळवता येत नाहीत, त्यामुळे या दोघांची बेरीज ३१ सुद्धा होत नाही. थोडक्यात, जगातला शून्य नॉइजचा प्रीअँप आणून लावलात तरी एकूण नॉइज पुरता १ डेसिबलही उतरणार नाही.

कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त सिग्नल देणारा) माइक असेल तर वादच मिटला. रोडचा एनटी१-ए त्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो आणि त्याचा स्वतःचा नॉइज ५ डेसिबल आहे. त्याच प्रीअँपचा नॉइज इथे उणे ४ डेसिबलवर, म्हणजे माइकच्या स्वतःच्या नॉइजच्याही बराच खाली. कंडेन्सर लावून "प्रीअँप हिस करतोय" म्हणणाऱ्याने आधी पंखा बंद करून बघावा.

एक गोष्ट मात्र मान्य. खोलीचा नॉइज बहुतेक खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो आणि प्रीअँपचा वरपर्यंत पसरलेला. त्यामुळे एकूण आकडा छोटा असूनही डायनॅमिक किंवा रिबन (पातळ धातूपट्टीच्या) माइकवर वरचा 'स्स्स' कानाला लागू शकतो. म्हणून बेरीज-वजाबाकीवर न थांबता चाचणी घ्या.

आणि ही चाचणीच लोक चुकीची घेतात. माइकची केबल उपटायची, गेन पूर्ण वर न्यायचा, हिस ऐकायचा आणि निकाल द्यायचा. उघड्या इनपुटला माइकचा १५०-२०० ओहमचा इम्पीडन्स (विद्युत विरोध) दिसत नाही, स्वतःचेच काही हजार ओहम दिसतात. ३,००० ओहमचा नॉइज १५० ओहमपेक्षा १३ डेसिबलने जास्त असतो. म्हणजे प्रत्यक्ष वापरात कधीच न येणारा नॉइज ऐकून तुम्ही बिचाऱ्या डब्याला दोषी ठरवता.

बरोबर पद्धत अशी. नेहमीच्या अंतरावरून बोला किंवा गा, शिखरं −१२ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, ० म्हणजे कमाल) आसपास येतील असा गेन लावा, आणि मग त्या नॉबला हात लावू नका. आता गप्प बसून थोडा वेळ रेकॉर्ड करा. मग डायनॅमिक माइक केबलसकट जाड ब्लँकेटांत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात कोंबा, दार लावा, पुन्हा तेवढंच रेकॉर्ड करा. सोल्डरिंग येत असेल तर एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर लावून तो प्लग जोडा (फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधून जाणारी वीज, बंद ठेवून), हे कपाटाहून चांगलं. दोन्ही फाइल्स सारख्याच वाढवून ऐका. दुसरी बरीच शांत असेल तर गुन्हेगार खोली. दोन्ही सारख्या असतील तर प्रीअँप, आणि मग खुशाल बदला.

खोली निघाली तर पहिला उपाय फुकट आहे: माइकच्या जवळ या. ३० सेंटिमीटरवरून १५ वर आलात की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो, गेन तितकाच उतरवता येतो, आणि खोली व प्रीअँप दोघांचाही नॉइज ६ डेसिबल मागे जातो. महागडा प्रीअँप देतो त्याहून हे जास्त. डायनॅमिक माइकच्या मध्ये लावायचा इनलाइन बूस्टर २०-२५ डेसिबल गेन देतो. प्रीअँपचा गेन संपत असेल किंवा नॉब टोकाला गेल्यावर तो खरखरत असेल तर बूस्टर कामाचा. पंख्याचा आवाज मात्र तो तितक्याच निष्ठेने वाढवतो.

बाकीचे गैरसमज भराभर. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जाणारी किरकिर ग्राउंड लूपची (दोन वाटांनी अर्थिंग जुळल्याने होणारी) असते. फक्त हेडफोनमध्ये ऐकू येणारा आणि फाइलमध्ये नसलेला हिस हेडफोन अँपचा. मिक्समध्ये नॉइज अचानक वर आला तर कॉम्प्रेसरचा (मोठे आवाज दाबणाऱ्या प्रोसेसरचा) मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर पातळी परत वाढवणारा नॉब, बघा, १० डेसिबल वाढवलेत तर नॉइजही १० वाढला. आणि १९२ किलोहर्ट्झच्या सँपल रेटचा (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची) नॉइजशी काही संबंध नाही, फक्त डिस्क भरते.

गाताना आपलाच आवाज उशिरा येतो म्हणून इंटरफेस बदलायला निघालेल्यांनी आधी बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती सँपल साठवून हाताळतो ती सेटिंग) बघावा. ४८ किलोहर्ट्झला १,०२४ सँपलचा बफर एकाच दिशेला २१ मिलिसेकंद खातो, १२८ चा २.७. शिवाय आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये देणारं डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण बहुतेक डब्यांवर असतंच, ते दाबायला कुणाची परवानगी लागत नाही.

इंटरफेस बदलायला सबळ कारणं आहेतच. ड्रायव्हर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेनासा झाला, नॉब फिरवताना खरखरतो, २५० ओहमच्या हेडफोनला आवाज पुरत नाही, किंवा ड्रम्स रेकॉर्ड करायचेत आणि इनपुट दोनच आहेत. या शेवटच्या कारणासाठी घेत असाल तर डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. '१८ इनपुट' असं छापलेल्या इंटरफेसवर माइक प्रीअँप ४ किंवा ८ च असतात. बाकीच्यांत ८ एडॅटचे (ऑप्टिकल केबलने येणारे डिजिटल चॅनेल), म्हणजे आणखी एक ८ चॅनेलचा प्रीअँप वेगळा विकत घेतल्याशिवाय ते रिकामेच राहणार.